देवरे बाईंचे मासे

देवरे बाई माझ्याशी कधीही वाईट वागल्या नाहीत, हीच माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. वाईट वागल्या असत्या तर मला त्यांचा राग करता आला असता. राग हे तसं सुटसुटीत काम असतं. माणूस दोन दिवस धुमसतो आणि मग जेवायला बसतो. मला बाईंचा हेवा वाटायचा. हेव्याला रविवार नसतो, दिवाळीची सुट्टी नसते.

आम्ही दोघं जळगावच्या एकाच शाळेत नोकरीला. मी गणिताचा, आडनाव झोपे, मूळचा फैजपूरकडचा. बाई चित्रकलेच्या, माहेर-सासर सगळं धुळ्याचं, नवरा लवकर गेलेला. त्या आमच्या शाळेत आल्या तेव्हा माझ्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन बराच काळ झाला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक विसरले. साधी गोल्डफिशची काचपेटी तर दंतवैद्याकडेही असते. माझी टाकी समुद्राची होती. तिच्यात जिवंत प्रवाळ होते, खडक होते, वाळू होती. जळगावात मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं, तिथे मी समुद्र सांभाळत होतो. नातेवाईक पोरांना घेऊन बघायला यायचे. मुख्याध्यापक पाहुण्यांना म्हणायचे, "आमच्या झोपे सरांकडे समुद्र आहे." त्या एका वाक्यावर माझं सगळं वर्ष छान जायचं.

बाई आल्या त्या वर्षी आमच्याकडे सगळ्या शिक्षकांना भरीत-पुरीचं जेवण होतं. मंडळी टाकीसमोर उभी राहून "वा, वा" करून पानावर बसली. बाई मात्र स्टूल ओढून टाकीपुढेच बसल्या. हात मांडीवर, पदर खोचलेला. पुऱ्या गार झाल्या तरी उठेनात. शेवटी माझ्या नव्या निळ्या माशाकडे बघत त्यांनी विचारलं, "सर, हा खातो काय? झोपतो कुठे? आणि रागावला की काय करतो?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्याचं नव्हतं. तिसरा प्रश्न माशाच्या बाबतीत कुणी विचारतं हेच मला नवीन होतं. मी हसून म्हणालो, "बाई, मासा घेतलाय, जावई नाही केलेला."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "जावई वाईट निघाला तर पोरगी माहेरी येऊ शकते. या बिचाऱ्यांनी कुठे जायचं?"

सगळे हसले. माझ्यापेक्षा त्यांच्या वाक्याला जास्त हसले, हे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाईंनी स्वतःची टाकी उभी केली. ती माझ्यासारखी दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी नाही. मधल्या अंधाऱ्या खोलीत, जिथे आपण गव्हाच्या कोठ्या ठेवतो तिथे. मी मनात म्हटलं, हौस आहे, सहा महिन्यांत उतरेल. मग मे महिना आला. माझी टाकी तापली, प्रवाळ पांढरे पडायला लागले, मी बर्फाच्या बाटल्या सोडत घामाघूम. बाईंनी पाण्यावरून आडवा वाहील असा एक टेबलफॅन लावून ठेवला होता. आमच्या कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना गार होतं, माठाचं असतं तसंच. उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी रोज सकाळ-संध्याकाळ त्या मापाने वर घालायच्या. बस, एवढंच. मी त्यांच्या टाकीत बोट घालून पाहिलं. गार होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

बाईंचा जीव होता तो रॅस जातीच्या माशांवर. ही मंडळी समुद्रातली सगळ्यात रंगेल. एकाच्या अंगावर गुलाबी, हिरवा, पिवळा, सगळं एकदम, आणि तरीही भडक न वाटणारं. पण या जातीत साधू तितकेच गुंडही. एक असतो तो लहानपणी नारिंगी अंगावर पांढरे ठिपके घेऊन इतका गोड दिसतो की दुकानात हात आपोआप खिशाकडे जातो. मोठा झाला की हातभर होतो, खडक उलथवतो आणि टाकीतले झिंगे, गोगलगाई फस्त करतो. म्हणून यांची निवड हेच खरं काम. बाई चित्रकलेच्या असून रंगावर कधी भाळल्या नाहीत. आमचा मासेवाला रफिकभाई, त्याच्याकडे मुंबईहून ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या खोक्यांतून माल यायचा. बाई दुकानात जाऊन नुसत्या बसायच्या. मासा पैसे देऊन घेण्याआधी त्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत रोज येऊन बसायच्या. रफिकभाई म्हणायचा, "सर, लोक पोरगी बघायला येतात तेव्हा पण चहा पिऊन उठतात. बाई उठतच नाहीत."

एकदा त्याच्याकडे बोटाएवढा एक मासा आला. केशरी अंग, त्यावर जांभळ्या सहा रेघा, हिरवट शेपूट, लाल डोळा. खडकाच्या फटीतून असा सुळकन जायचा की नजर हरायची. बाई दोन दिवस त्याच्यासमोर बसल्या आणि नको म्हणाल्या. रफिकभाईने लगेच मला फोन केला. तो माणूस चांगला, पण धंदा त्याला समजायचा. "सर, बाईंनी सोडला. बोलल्या, एकटा असेल तर देवमाणूस, घरात दुसरं कोणी आलं की संपलं. आप ले लो, एकदम पहिलवान चीज आहे."

बाईंनी सोडला, एवढं मला पुरेसं होतं. मी त्याच संध्याकाळी घेऊन आलो. त्याचं नाव ठेवलं सहापट्टी. बाई म्हणाल्या त्यात चूक काहीच नव्हती. त्याच्यानंतर माझ्या टाकीत जो नवा मासा आला, त्याला सहापट्टीने कोपऱ्यात दाबून त्याची शेपूट कुरतडली. मी नवा मासा आणायचा आणि त्याने त्याचं जिणं हराम करायचं, असं चालू झालं. तरी सांगतो, मला तो आवडायचा. मी खोलीत आलो की काचेशी यायचा आणि डोळा वळवून बघायचा. शाळेत कोणी देवरे बाईंच्या टाकीचं कौतुक केलं की घरी येऊन मी त्याच्यासमोर बसायचो. आमचं जमायचं.

कौतुक तर रोजच व्हायचं. आमची मंदा, म्हणजे माझी बायको, यावलची. शब्द गिळणं तिला माहीत नाही. ती संध्याकाळी बाईंकडे जाऊन बसायला लागली. रॅस मासे उड्या मारतात, घाबरले की सरळ टाकीबाहेर. काचेचं झाकण लावलं तर पंख्याचा वारा लागत नाही. म्हणून बाईंनी मच्छरदाणीचं कापड चौकटीवर ताणून त्याचं झाकण केलं होतं. ते कापड दोघींनी मिळून शिवलेलं. मंदा घरी येऊन म्हणाली, "आपल्या टाकीले पन तसंच करू."

"काही गरज नाही," मी म्हणालो.

"कायले एवढं मनाले लावून घेता? कापड आहे ते, बाई नाहीत."

दुसऱ्या आठवड्यात माझा एक चांगला मासा फरशीवर वाळलेला सापडला.  कापड मात्र मंदाने आधीच आणून ठेवलं होतं.

बाईंवर एकदा संकट आलं तेव्हाचं सांगतो. त्यांनी बिबट्यासारख्या ठिपक्यांची एक मादी आणली, फार नाजूक जात. टाकीत सोडली आणि ती दिसेनाशी झाली. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. स्टाफरूममध्ये मी अगदी काळजीच्या आवाजात विचारायचो, "बाई, काही पत्ता?" बाई मान हलवायच्या. त्या दिवसांत मला भूक फार छान लागायची. मी त्यांना सल्लाही दिला की वाळू उपसून बघा, मेली असेल तर पाणी नासेल. मी असतो तर पहिल्याच दिवशी उपसली असती.

बाई गडबडल्या की त्यांची अहिराणी वर यायची. म्हणाल्या, "नही हो सर. नवी शे ती. घर सोडीसन उनी. वाळूत तोंड लपाडीसन बठेल व्हई. जरा दम धरा."

दम त्यांनी धरला. वाळूला हात लावला नाही. रोज दोनदा, मादी दिसत नसताना, तिच्या नावाचं खाणं टाकत राहिल्या. आठवडा उलटल्यावर एका सकाळी वाळूतून आधी नाक आलं आणि मग ती अख्खी बाहेर आली, जणू काही झालंच नाही. बाईंनी शाळेत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. पेढा चांगला होता, माझीच चव गेली होती.

त्यांच्याकडचा शेवटचा मानकरी म्हणजे एक लहानसा नर, लाल-नारिंगी, पाठीवरच्या परातून एक लांब दोरा निघालेला. एरवी तो साधा दिसायचा. मी एकदा मुद्दाम म्हणालो, "बाई, याच्यात काय एवढं?" बाईंनी पर्समधून छोटा आरसा काढला आणि काचेला लावला. नराला आरशात दुसरा नर दिसला. क्षणात त्याने सगळे पर फुलवले, अंगावर विजेसारख्या निळ्या रेघा उमटल्या, आणि तो आरशापुढे असा मिरवत फिरला की मी काचेला नाक लावून बघत राहिलो. बाईंनी आरसा लगेच काढून घेतला. म्हणाल्या, "जास्त वेळ नाही दाखवायचा, दमतो. शेजारी कोणी नसला की हा नुसता मासा. शेजारी दिसला की राजा." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या की आरशाकडे, ते मला आजवर नक्की सांगता येत नाही.

बाई कधी माशाचं चित्र काढत नसत. पोरांना मोर काढायला लावायच्या, केळीचं बन काढायला लावायच्या, मासा कधीच नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "काढून झालेल्या चित्रावर मी कशाला ब्रश फिरवू?" असली वाक्यं मला सुचायची नाहीत. मला प्रमेयं यायची.

मग त्यांची नोकरी संपली, आणि त्याच सुमारास धुळ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीला पक्षाघात झाला. बहिणीला सगळे अक्का म्हणत. अक्कांना मूलबाळ नाही, देवपूरला दोन खोल्यांचं घर. बाईंनी जळगाव सोडायचं ठरवलं. एवढी मोठी टाकी त्या दोन खोल्यांत मावणार नव्हती, आणि आजारी माणसाचं करताना ती सांभाळणंही शक्य नव्हतं. मासे कोणाकडे द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला.

आता मला काय वाटलं ते सरळच सांगतो. मला ते मासे हवे होते. इतके हवे होते की झोप उडाली. पण दुसरा उमेदवार होता, नव्या वसाहतीतला एक दंतवैद्य. दवाखान्यात भिंतभर टाकी, दिवे सगळे परदेशी. बाईंनी दोन्हीकडे येऊन बघणार असं सांगितलं, रीतसर, सोयरिकीला येतात तसं.

माझी अडचण एकच, सहापट्टी. तो असताना बाई त्यांचा एकही मासा माझ्याकडे देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत झिंग्याचा तुकडा ठेवला, आणि महत्प्रयासाने त्याला पकडलं. बाई यायच्या दिवशी त्याला बादलीत टाकून, वर प्लास्टिकचं झाकण ठेवून, न्हाणीत लपवला.

बाई आल्या. स्टूल ओढून बसल्या. एकेक मासा निरखून बघितला. मग म्हणाल्या, "पाणी छान आहे." मी फुललो. "आणि याची शेपूट कोणी खाल्ली?"

"जन्मजात आहे," मी म्हणालो.

"आणि त्या दुसऱ्याची?"

तेवढ्यात न्हाणीतून 'टप्प' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा 'टप्प'. मंदाने चहाचा कप बाईंच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, "तो बादलीत आहे व बाई. झाकनावर डोकं आपटून र्‍हायला सकायपासून."

बाईंनी कप खाली ठेवला, न्हाणीत गेल्या, झाकण किंचित उचलून आत बघितलं. त्या चिडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या हसत बाहेर आल्या. "देखा, सहा रेघा अजून किती लखलखीत! सर, तुम्ही याला फार चांगला ठेवलाय."

मग त्यांनी निकाल सांगितला. मासे माझ्याकडे. सहापट्टीला रफिकभाईकडे परत पाठवायचा नाही. त्याला त्या धुळ्याला नेणार, लहान टाकीत, एकटा. एकटा तो देवमाणूस.

मला आनंद झाला, पण माझा स्वभाव मला आनंदात स्वस्थ बसू देत नाही. मी विचारलं, "डॉक्टरांकडे का नाही? त्यांची टाकी मोठी आहे."

बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी तो नारिंगी ठिपक्यांचा आणलाय, मोठा होऊन खडक उलथवणारा. मी सांगितलं तरी काढत नाहीत. पेशंटना आवडतो म्हणतात. तुम्हाला मात्र मला दाखवून द्यायचं असतं. इतकी वर्षं तुम्ही माझा हेवा केलाय, सर. जो हेवा करतो तो पाणी बदलायला विसरत नाही. माझा एक मासा जरी तुमच्याकडे मेला तर तुम्हाला सहन होणार नाही."

मंदा तोंडाला पदर लावून आत निघून गेली. मी बशीतली दोन बिस्किटं बाईंच्या पुढे सरकवली.

बाईंचं खरं ठरलं. त्यांच्यातला एकही मेला नाही. मी पंखा लावला, गोडं पाणी मापून घातलं, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घातलं. माझी टाकी इतकी देखणी कधीच नव्हती. पुन्हा लोक बघायला येऊ लागले. दारातच विचारायचे, "देवरे बाईंचे मासे इथेच ना?" मुख्याध्यापक नवे आले होते, तेही म्हणाले, "ऐकलंय बरं का, तुमच्याकडे देवरे बाईंचे मासे आहेत." रफिकभाई खाणं बांधून देताना म्हणायचा, "बाईंच्या माशांना ताजं देतो." मीठ माझं, पाणी माझं, पाठ माझी दुखायची, आणि मासे बाईंचे. माझा म्हणावा असा एकच मासा होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने धुळ्याला पाठवला होता.

हिवाळा संपता संपता मी ठरवलं की सहापट्टीला परत आणायचा. वेगळी लहान टाकी करीन, माझ्या पलंगाशी ठेवीन. थर्माकोलचं खोकं घेतलं, पिशव्या घेतल्या आणि एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलो. मंदाला सांगितलं, बाईंच्या बहिणीची चौकशी करून येतो. ती म्हणाली, "खोकं घेऊन?"

देवपूरच्या त्या घरात पुढची खोली अक्कांची. पलंग खिडकीशी, आणि उशाच्या बाजूला, अक्कांच्या नजरेच्या अगदी रेषेत, लहानशी टाकी. सहापट्टी तिच्यात होता. जाड झाला होता, रंग आधीपेक्षा गडद. मला वाटलं मला बघून काचेशी येईल. तो आला काचेशी, पण पलंगाच्या बाजूच्या.

बाई वाळल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. तरी पदर तसाच खोचलेला. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात अक्कांनी माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं. त्यांचं अर्धं तोंड वाकडं झालेलं, शब्द एक एक ओढून काढावा लागत होता.

"त्याले... लई जावाले... उनात का?"

मी म्हणालो, "नाही, नाही, न्यायला नाही, सहज आलो."

"हाऊ मना मासा शे," अक्का चांगला हात स्वतःच्या छातीवर ठेवून म्हणाल्या. "मी नही देस."

बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "सर, दुखणं आलं तेव्हापासून अक्काने कधी काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही. मी याला आणून ठेवला, तर चौथ्या दिवशी म्हणाली, 'याले खावाले दे.' हे तिचं पहिलं वाक्य. आता दिवसभर त्याच्याशी बोलते. तुम्ही याला काचेशी यायची सवय लावलीत, सर, म्हणून झालं हे. मी सगळ्यांना सांगते, हा झोपे सरांचा मासा आहे."

अक्कांनी मान फिरवली. "नही. मना."

मी चहा प्यायलो. तब्येतीचं, औषधांचं, जळगावच्या उन्हाचं बोललो. निघताना बाई फाटकापर्यंत आल्या आणि त्यांच्या माशांबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. त्यांना माहीत होतं ते जिवंत आहेत. रिक्षात बसल्यावर मी घराच्या खिडकीतून आत बघितलं. बाई पलंगाशी स्टूलवर जाऊन बसल्या होत्या, हात मांडीवर. अक्का माशाकडे बघत होत्या. बाई माशाकडे बघतच नव्हत्या. त्या अक्कांकडे बघत होत्या, आमच्या पहिल्या जेवणाच्या दिवशी माझ्या टाकीकडे बघितलं होतं त्याहूनही मन लावून. मला अक्कांचा हेवा वाटला. पलंगावर पडलेल्या, वाकड्या तोंडाच्या त्या म्हातारीचा, हो. बाईंना त्यानंतर मी पाहिलं नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पारोळ्याच्या पुढे शेजारचा माणूस बराच वेळ माझ्या मांडीवरच्या रिकाम्या खोक्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, "खोकामा काय शे भाऊ?"

"मासा," मी म्हणालो. "माझा आहे."

आणि पाणी हिंदकळू नये म्हणून खोकं दोन्ही हातांनी सरळ धरून बसलो.